द्वेषाला उत्तर की द्वेषाला ध्वनिवर्धक? खानदेशातील अनुभवांच्या आधारे एक आढावा

समाजमाध्यमांवर एखाद्या व्यक्तीविरुद्ध किंवा समूहाविरुद्ध विखारी मजकूर फिरू लागला की त्याला उत्तर द्यावे की त्याकडे दुर्लक्ष करावे, हा प्रश्न गेल्या दीड दशकात पत्रकार, पोलीस, न्यायालये आणि घरोघरचे मोबाईलधारक अशा सर्वांपुढे उभा राहिला आहे. उत्तर दिले तर मूळ मजकूर, तोवर ज्यांच्या कानावर तो गेलाही नव्हता, त्यांच्यापर्यंत पोहोचतो. उत्तर दिले नाही तर तो बिनविरोध खरा ठरतो. पहिल्या परिणामाला येथे ‘वर्धन’ म्हटले आहे. ध्वनिवर्धक बोलणाऱ्याशी सहमत असो वा नसो, त्याचा आवाज मोठा करतोच. निषेध करणारा, खंडन करणारा आणि बातमी देणारा या तिघांकडूनही नकळत तेच काम होऊ शकते. ‘द्वेषोक्ती’ म्हणजे जात, धर्म, भाषा, लिंग अशा जन्माने किंवा परंपरेने चिकटलेल्या ओळखीवरून एखाद्या समूहाला तुच्छ, संशयित किंवा धोकादायक ठरवणारी उक्ती, आणि ‘प्रत्युक्ती’ म्हणजे बंदी किंवा शिक्षा यांचा आधार न घेता शब्दानेच तिला दिलेले उत्तर, असा अर्थ पुढील विवेचनात धरला आहे.

या प्रश्नावरील पाश्चात्त्य अभ्यास बहुतांशी खुल्या माध्यमांवर, विशेषतः ट्विटरवर, बेतलेला आहे. अमेरिकी अभ्यासक व्हिटनी फिलिप्स यांनी २०१८ मध्ये पत्रकारांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यात प्रसिद्धीला प्राणवायूची उपमा दिली. द्वेष पसरवणाऱ्या छोट्या टोळक्यांना मोठ्या वृत्तपत्रांनी दखल घ्यावी हेच हवे असते, त्यामुळे मजकूर त्याच्या मूळ वर्तुळाबाहेर गेलेला नसताना त्याची बातमी करणे म्हणजे त्यांचे काम आयते करून देणे होय, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे. या सल्ल्यामागे मानसशास्त्रातील एक जुना निष्कर्षही आहे. हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, तेच विधान पुन्हा पुन्हा ऐकले की, खरेखोटे काहीही असले तरी, ते अधिक खरे वाटू लागते. खंडन करणाऱ्यालाही मूळ विधान उच्चारावे लागते, म्हणून त्याचे खंडन ही त्या विधानाची आणखी एक आवृत्ती ठरण्याचा धोका असतो. अभ्यासक सुझन बेनेश यांनी मात्र वेगळ्या बाजूने विचार केला आहे. मजकूर किती विखारी आहे एवढेच न पाहता तो कोण बोलतो, कोणापुढे बोलतो, कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या माध्यमातून बोलतो, यांवरून तो हिंसेला किती कारणीभूत ठरेल हे जोखावे, असे त्या सुचवतात. खानदेशाच्या संदर्भात हा दुसरा दृष्टिकोन अधिक उपयोगी पडतो, याचे कारण २०१८ च्या जून-जुलैत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत तीन आठवड्यांच्या अंतराने घडलेल्या दोन घटनांत सापडते.

पहिली घटना जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यात, वाकडी येथे १० जून २०१८ रोजी घडली. विहिरीत पोहल्याच्या कारणावरून मातंग समाजातील अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारहाण करण्यात आली आणि तिचे मोबाईलवर चित्रण करण्यात आले. हे चित्रण कोणा त्रयस्थाने पुरावा म्हणून केलेले नव्हते; मुलांची विटंबना चार भिंतींत किंवा एका शिवारात न राहता लोकांनी पाहावी हा त्याचा हेतू उघड होता. पुढे ते देशभर पसरले, आणि ज्यांनी ते पसरवले त्यांतील बहुसंख्य लोक मुलांच्या बाजूचे होते. संतापाने, कणवेने, व्यवस्थेला जाब विचारण्यासाठी त्यांनी ते पुढे पाठवले. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष राहुल गांधी यांनीही ते ट्विटरवरून प्रसारित केले, तेव्हा मुलांची ओळख उघड झाल्याबद्दल महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाने त्यांना नोटीस बजावली. त्या नोटिशीमागे राजकारण होते की नाही यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. ती बाजूला ठेवली तरी कायद्याचा मुद्दा शिल्लक राहतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ आणि लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाचे कलम २३ यांनुसार पीडित बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे, आणि ती मोडणाऱ्याचा हेतू चांगला होता की वाईट यावरून मुलाच्या वाट्याला येणारी नामुष्की कमीजास्त होत नाही.

वाकडीच्या प्रकरणातून वर्धनाच्या चर्चेतील एक महत्त्वाचा भेद पुढे येतो, तो म्हणजे घटनेची वाच्यता आणि घटनेच्या दृश्याची वाच्यता यांतील. जातीय अत्याचाराची बातमी दडपली जाणे हा दलित समाजाचा जुना अनुभव आहे, त्यामुळे ‘बोलू नका, पसरवू नका’ हा सल्ला सरसकट दिला तर तो अत्याचार करणाऱ्यांच्याच पथ्यावर पडतो. मात्र गाव, कृत्य, कलमे, अटक आणि तपास यांची सविस्तर बातमी देता येते आणि तरीही ते दृश्य दाखवण्याची गरज पडत नाही. चेहरा धूसर करून, अर्धे दृश्य कापून ‘कमी आक्षेपार्ह’ चित्रफीत दाखवण्याची वृत्तवाहिन्यांची पद्धत ही या भेदाची जाणीव असल्याचे लक्षण म्हणावे, तर ती अपुरी आहे, कारण वाकडीसारख्या गावात मूल ओळखायला चेहरा लागत नाही.

दुसरी घटना १ जुलै २०१८ ची, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथील. रविवारच्या आठवडे बाजाराच्या दिवशी सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी फिरत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणाऱ्या टोळीतील समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथेच मारहाण करून ठार केले. त्याआधीचे काही आठवडे राज्याच्या अनेक भागांत पोरं धरणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत होते. अशा संदेशांबरोबर देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या मोहिमेची जाहिरात होती आणि तिचा खुलासा करणारा शेवटचा भाग कापून टाकण्यात आला होता. राईनपाड्याच्या खटल्यात धुळ्याच्या न्यायालयाने २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

राईनपाड्याला द्वेषोक्तीचे प्रकरण म्हणावे की अफवेचे, असा आक्षेप येथे येऊ शकतो. पुढे पाठवल्या गेलेल्या संदेशात डवरी गोसाव्यांना शिवी दिलेली असण्याची गरज नव्हती. ‘सावध राहा, आपली मुले सांभाळा’ असाच त्याचा सूर होता. पण संशय कोणाकडे वळावा हे आधीच ठरलेले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी त्याने पोसलेली नजर गावगाड्यात टिकून राहिली, आणि ती सर्वच फिरस्त्यांवर पडत राहिली. रडणाऱ्या मुलाला ‘बुवा झोळीत घालून नेईल’ असे सांगून गप्प करण्याची रीत महाराष्ट्रातील कोणत्याही घराला अनोळखी नाही. झोळी घेऊन दारोदार फिरणारा माणूस हा त्या धमकीतला बुवा, आणि मोबाईलवरील संदेशाने त्या बुवाला तारीख, तालुका आणि टोळी दिली. द्वेष जितका जुना आणि घरगुती, तितके त्याला जागे करायला कमी शब्द पुरतात. म्हणून केवळ शब्द शोधून संदेश अडवणाऱ्या यंत्रणा अशा ठिकाणी निरुपयोगी ठरतात.

फिलिप्स यांची प्राणवायूची उपमा येथे मर्यादित ठरते. खुल्या माध्यमावर दुर्लक्ष हे काही अंशी उपासमारीसारखे काम करते, कारण तेथे प्रतिसाद जितके जास्त तितका मजकूर वर ढकलण्याची यंत्राची प्रवृत्ती असते. व्हॉट्सॲपच्या गटात असे यंत्र नाही. तेथील प्रत्येक संदेश कोणातरी ओळखीच्या माणसाने हाताने पुढे ढकललेला असतो, आणि तो गावचा, भावकीचा, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा किंवा बाजार समितीतील व्यापाऱ्यांचा गट असेल तर त्यातील शिक्षक, डॉक्टर, पोलीस पाटील यांचे न बोलणे सर्वांना दिसते. मौन म्हणजे संमती हे वचन अशा गटाला तंतोतंत लागू पडते. ज्या सल्ल्याने मुंबईच्या संपादकाने गप्प राहणे योग्य, त्याच सल्ल्याने साक्रीच्या मुख्याध्यापकाने गप्प राहणे घातक ठरू शकते. या आढाव्याचा कल असा आहे की उत्तर द्यावे की नाही हा प्रश्न मुळात उत्तराच्या जागेचा आहे: मजकूर ज्या गटात आला त्याच गटात, तेथे ओळख असलेल्या माणसाने, लगेच दिलेले उत्तर सहसा वर्धन करत नाही, तेच उत्तर स्क्रीनशॉटसह दहा बाहेरच्या गटांत ‘बघा काय चालले आहे’ म्हणून गेले की वर्धन सुरू होते.

उत्तराच्या रचनेकडे मराठीत पुरेसे लक्ष गेलेले नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी खंडनासाठी आधी सत्य, मग असत्याचा ओझरता उल्लेख आणि शेवटी पुन्हा सत्य असा क्रम सुचवला आहे. मराठीला या क्रमाची गरज इंग्रजीपेक्षा अधिक आहे, कारण मराठी वाक्यात नकार शेवटी येतो. ‘मुले पळवणारी टोळी तालुक्यात फिरत असल्याच्या संदेशात तथ्य नाही’ या वाक्यातील पहिले पाच-सहा शब्द अफवाच आहेत. पोलिसांच्या जीपवरील भोंग्यातून ते बाजारात ऐकणाऱ्याला वाऱ्यावर उडालेल्या शेपटीखेरीज सारे ऐकू येते, आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील सूचनेत तर पहिली ओळच दिसते. त्याऐवजी ‘तालुक्यातील सर्व मुले सुखरूप आहेत, एकही मूल हरवल्याची तक्रार नाही’ येथून सुरुवात केली तर अफवेचा उल्लेख टाळताही येतो. पश्चिम साक्रीच्या डोंगराळ पट्ट्यात कोकणी आणि भिलोरी, खाली अहिराणी, जळगावकडे लेवा बोली, अशा प्रदेशात हे आवाहन प्रमाण मराठीत, तेही शासकीय परिपत्रकाच्या मराठीत, निघते ही आणखी एक अडचण. अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती यूट्यूबवर मोठ्या संख्येने पाहिल्या जातात, म्हणजे बोलीतला मजकूर मोबाईलवर पोहोचतो. खंडन मात्र बोलीत क्वचितच येते.

राईनपाड्यानंतरची हालचाल वेगवान होती. ३ जुलै २०१८ रोजी केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सॲपला जाहीर समज दिली. १० जुलैच्या सुमारास कंपनीने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर झाली, जी जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू झाली. साक्री तालुक्यातील एका पाड्याचा पृथ्वीवरील प्रत्येक व्हॉट्सॲपधारकाच्या बोटावर झालेला हा परिणाम फारसा कोणाच्या लक्षात राहिलेला नाही. १७ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेहसीन पूनावाला प्रकरणात झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला समन्वय अधिकारी नेमण्याचे आणि जमावहिंसेच्या गंभीर परिणामांची रेडिओ व दूरचित्रवाणीवरून जाणीव करून देण्याचे निर्देश दिले. मर्यादेने वेग कमी झाला असेल, पण गटातील मौनाचा प्रश्न तांत्रिक नसल्याने तो तसाच राहिला.

कायदा स्वतःच ध्वनिवर्धक कसा होतो याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पालघरचे आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर लिहिले आणि दुसरीने त्याला पसंती दर्शवली, एवढ्यावरून दोघींना अटक झाली. तो मजकूर द्वेषाचा नव्हताच. मूठभर ओळखीच्यांनी वाचून विसरला असता असे ते मत अटकेमुळे जगाच्या वृत्तपत्रांत पोहोचले, आणि ज्या कलमाखाली कारवाई झाली ते माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात रद्द केले. गटाच्या प्रशासकाला, म्हणजे ॲडमिनला, सभासदाच्या मजकुराबद्दल जबाबदार धरण्याच्या नोटिसा सणासुदीच्या तोंडावर काढण्याची प्रथा आहे. परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये, समान हेतू दिसत नसताना केवळ ॲडमिन म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, असे स्पष्ट केले आहे. ॲडमिनला घाबरवल्याने तो गट बंद करतो किंवा सर्वांची तोंडे बंद करतो, आणि उत्तर देऊ शकणारी माणसेही त्यात गप्प होतात.

वृत्तपत्रांचा जुना संयम हाही आता तपासून पाहण्याजोगा विषय आहे. दंगलीच्या बातमीत समाजांची नावे न घेता ‘दोन गटांत दगडफेक’ असे लिहिण्याचा प्रघात भारतीय पत्रकारितेने विचारपूर्वक पाडला, आणि बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी येत असे तोवर त्याचा उपयोग झाला. आज ‘आक्षेपार्ह पोस्टवरून तणाव’ या मथळ्यातील पोस्ट काय होती हे वाचकाला वृत्तपत्र सांगत नाही, म्हणून तो मोबाईलवर शोधतो, आणि तेथे त्याला पोस्टही मिळते व तिच्या दहा तिखट आवृत्त्याही मिळतात. तरीही नाव न घेण्याची रीत मोडावी असे म्हणणे धाडसाचे ठरेल; पोस्ट खरी होती की बनावट, खाते कोणाचे होते, गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदला गेला, एवढे तपशील मूळ शब्द न छापता देता येतात आणि अफवेची जागा भरून काढतात.

मात्र तपशील देणारे उत्तरही द्वेषाने घातलेल्या चौकटीत बसले तर काय होते, हे एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातीलच गडचिंचले येथे दिसले. चोरांच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाकडून मारले गेले. समाजमाध्यमांवर या हत्येला धार्मिक रंग देण्यात येऊ लागला, तेव्हा तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करून त्यांत एकही मुस्लिम नसल्याचे सांगितले. तथ्य बिनचूक होते आणि त्या दिवसांत त्याची निकडही समजण्यासारखी होती. पण यादी वाचून नावांवरून धर्म ओळखण्याचा जो व्यवहार द्वेष पसरवणाऱ्यांना अपेक्षित होता तोच शासनाने नागरिकांकडून करवून घेतला, शिवाय अद्याप दोषी न ठरलेल्या, एका आदिवासी पट्ट्यातील माणसांची नावे देशभर फिरली. अशा वेळी ‘मारणारे कोण होते’ याऐवजी ‘अफवा कशी आणि कोठून सुरू झाली’ या प्रश्नाला उत्तर देणे अधिक हिताचे झाले असते.

प्रत्युक्तीने द्वेष कमी होतो का, याचे प्रयोगसिद्ध पुरावे मोजके आहेत. झुरिचच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात परकीयांविषयी द्वेषपूर्ण मजकूर लिहिणाऱ्या १,३५० इंग्रजीभाषक ट्विटर वापरकर्त्यांना तीन तऱ्हेची उत्तरे देऊन पाहिली. विनोदाचा आणि परिणामांच्या इशाऱ्याचा ठोस उपयोग आढळला नाही. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना काय वाटत असेल याची जाणीव देणाऱ्या उत्तरांनी थोडा फरक पडला, तोही लहानच. जर्मनीतील वुनझीडेल या गावाने २०१४ मध्ये निराळीच वाट काढली: दरवर्षी येणाऱ्या नव-नाझींच्या मोर्च्याला न अडवता त्यांच्या प्रत्येक मीटर चालीमागे १० युरो याप्रमाणे १०,००० युरो अतिरेकी विचारातून बाहेर पडणाऱ्यांना मदत करणाऱ्या संस्थेला देण्यात आले. महाराष्ट्रात याहून टिकाऊ अनुभव भिवंडीचा आहे. १९८४ च्या दंगलीनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. या समित्या दंगलीच्या दिवशी नव्हे, तर आधीची वर्षे नळाचे भांडण आणि गल्लीतल्या कुरबुरी मिटवताना एकमेकांना ओळखू लागल्या होत्या. आजच्या शांतता समित्यांच्या बैठका सणाच्या आठवड्यात होतात, छायाचित्र निघते आणि त्यांचा व्हॉट्सॲप गट वर्षभर शुभेच्छांखेरीज निजलेला असतो.

माध्यमालाच सारा दोष देण्याचा मोह धुळ्यात तरी आवरावा लागतो. शहरात ऑक्टोबर २००८ मध्ये दंगल झाली तेव्हा व्हॉट्सॲप अस्तित्वातही नव्हते. ६ जानेवारी २०१३ ची दंगल खाद्यपदार्थांच्या बिलावरील वादातून पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचा मृत्यू झाला. त्या दंगलीत पोलीसच मोडतोड करत असल्याची मोबाईल चित्रणे पुढे आली आणि त्यांच्या आधारे काही पोलिसांना अटक झाली. ती चित्रणे कोणी ‘द्वेष पसरेल’ म्हणून पुसून टाकली असती तर तो पुरावा नाहीसा झाला असता. राईनपाड्यातही आरोपींची ओळख पटवायला मारहाणीची चित्रणे कामी आली. जपणे आणि पसरवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, पण मोबाईलवर त्या एकाच बटणाने होतात, आणि सायबर पोलीस ठाण्यात नेऊन देण्याची चित्रफीत आधी तीन गटांत टाकली जाते, कारण ठाण्याचा रस्ता लांबचा व गटाचा जवळचा वाटतो.

अलीकडचा बदल स्टेटसचा आहे. व्हॉट्सॲपचे स्टेटस २४ तासांनी मावळते आणि ज्यांच्याकडे क्रमांक जतन आहे त्यांनाच दिसते, त्यामुळे पुढे पाठवण्याची पाचाची मर्यादा त्याला लागू करून उपयोग नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात अशाच स्टेटसवरून मोठा जमाव रस्त्यावर आला आणि इंटरनेट बंद करावे लागले. अशा मजकुराचा मूळ प्रेक्षक शे-दोनशे परिचितांचा असतो. तो हजारोंपर्यंत जातो तो स्टेटस ठेवणाऱ्यामुळे नव्हे, तर त्याचा स्क्रीनशॉट काढून निषेधाच्या आवाहनासह पाठवणाऱ्यांमुळे. यांतील प्रत्येकाला आपण उत्तर देत आहोत असेच वाटत असते. आणि ज्याच्याविषयी हे सारे लिहिले जाते तो बहुधा त्या गटात नसतोच. राईनपाड्याच्या बाजारात आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांपैकी कोणीही साक्री तालुक्यातील एकाही गटाचा सभासद असण्याचा संभव नव्हता. त्यांच्या वतीने तेथे दोन ओळी टंकायच्या तर त्या त्यांना न ओळखणाऱ्या स्थानिक माणसालाच टंकाव्या लागल्या असत्या.